हृदय : एक अंतःस्रावी अवयव
हृदयजन्य संप्रेरके, रक्तदाब आणि आपल्या चिकित्सेतील विचारणीय मुद्दे

हृदय हे रसवह स्रोतसाचे मूळ आहे, हे आपण प्रथम वर्षापासून शिकत आलो आहोत. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाने मात्र दीर्घकाळ हृदयाकडे केवळ रक्त पुढे ढकलणारे यंत्र म्हणून पाहिले. आज ते मत मागे पडले आहे. हृदयाच्या पेशी स्वतः काही संप्रेरके तयार करतात, ती रक्तात सोडतात आणि त्यांच्याद्वारे वृक्क, रक्तवाहिन्या, अधिवृक्क ग्रंथी व मेंदू यांच्या कार्याचे नियमन करतात, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. आपल्याकडे येणारे रक्तदाबाचे व हृद्रोगाचे अनेक रुग्ण दोन्ही शास्त्रांची औषधे एकाच वेळी घेत असतात. त्यांच्या कागदपत्रांत ‘बीएनपी’, ‘एनटी-प्रोबीएनपी’ असे तपासणी अहवाल असतात आणि याच संप्रेरकांवर आधारलेली औषधेही असतात. म्हणून या विषयाची सविस्तर ओळख वैद्यवर्गास व औषधालयांच्या चालकांस करून द्यावी, या हेतूने हा लेख आम्ही सादर करीत आहोत.

शोधाचा इतिहास

१९५६ साली दोन स्वतंत्र निरीक्षणे प्रसिद्ध झाली. ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या अलिंदाच्या पेशींत गडद कण दिसले. असे कण एरवी ग्रंथींच्या पेशींत आढळतात. स्नायूच्या पेशीत त्यांचे प्रयोजन काय, हे कोणास सांगता येईना. त्याच वर्षी हेन्री, गाउर व रीव्ह्ज यांनी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात लहान फुगा फुगवून अलिंदाची भिंत ताणली, तेव्हा त्या प्राण्याचे मूत्रप्रमाण वाढले. हृदय ताणले की मूत्र वाढते, ही गोष्ट दिसली. परंतु हृदयाचा निरोप वृक्कापर्यंत कोण पोहोचवितो, हे कोडे पुढील पंचवीस वर्षे सुटले नाही.

ते सोडविले कॅनडातील किंग्स्टन येथे काम करणाऱ्या, मूळच्या अर्जेंटिनातील आडोल्फो डी बोल्ड यांनी. १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत दिला. काही मिनिटांतच त्या उंदरांच्या मूत्राचे प्रमाण व मूत्रातील सोडियम अनेक पटींनी वाढले आणि रक्तदाब उतरला. निलयाच्या अर्काने असा परिणाम झाला नाही. अलिंदातील गडद कण म्हणजे संप्रेरकाचा साठा होय, हे यातून स्पष्ट झाले. पुढे या द्रव्याची रचना उलगडली. मनुष्यात ते २८ अमिनो आम्लांचे बनलेले असते. त्यास ‘एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड’, संक्षेपाने एएनपी, म्हणतात. ‘नॅट्रियुरेटिक’ म्हणजे मूत्रावाटे सोडियम बाहेर टाकणारे. मराठीत त्यास ‘लवणविरेचक’ म्हणता येईल.

१९८८ साली जपानी संशोधकांनी डुकराच्या मेंदूतून अशाच प्रकारचे दुसरे द्रव्य वेगळे केले. मेंदूत सापडले म्हणून त्याचे नाव ‘ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड’ म्हणजे बीएनपी पडले. लवकरच कळले की त्याचा मुख्य उगम मेंदूत नसून हृदयाच्या निलयात आहे. नाव मात्र तेच राहिले. १९९० साली तिसरे द्रव्य, सीएनपी, सापडले. ते मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरात व मेंदूत तयार होते आणि हृदयापेक्षा स्थानिक पातळीवर काम करते. प्रस्तुत लेखाचा संबंध पहिल्या दोहोंशी आहे.

कार्यपद्धती

या संप्रेरकांच्या स्रावाचे प्रधान कारण म्हणजे हृदयाच्या भिंतीवर पडणारा ताण. शरीरात लवण व जल साचले, रक्ताचे आकारमान वाढले की अलिंद ताणले जाते व एएनपी स्रवते. निलयावर दीर्घकाळ भार राहिला, मग तो उच्च रक्तदाबाचा असो वा हृदयाच्या दुर्बलतेचा, तर बीएनपीची निर्मिती वाढते. एएनपी रक्तात जेमतेम काही मिनिटे टिकते. बीएनपीचे अर्धे प्रमाण नाहीसे होण्यास सुमारे २० मिनिटे लागतात.

यांचे परिणाम चार ठिकाणी दिसतात. पहिले वृक्क : गाळणीत येणारी सूक्ष्म रोहिणी रुंदावते, बाहेर जाणारी आकुंचित होते, त्यामुळे गाळण्याचा दाब वाढतो, शिवाय पुढील नलिकांत सोडियमचे पुनःशोषण कमी होते. दुसरे रक्तवाहिन्या : त्यांच्या भिंतीतील स्नायू शिथिल होतात व रक्तदाब उतरतो. तिसरे अन्य संप्रेरके : वृक्कातील रेनिन आणि अधिवृक्कातील अल्डोस्टेरॉन यांचा स्राव दबतो. चौथे स्वतः हृदय : हृदयस्नायूची अनावश्यक जाडी व त्यातील तंतूंची वाढ यांना आळा बसतो.

रेनिन, अँजिओटेन्सिन व अल्डोस्टेरॉन ही साखळी लवण व जल राखून ठेवते, वाहिन्या आकुंचित करते व दाब वाढविते. हृदयजन्य संप्रेरके याच्या नेमके उलट कार्य करतात. एक संग्राहक, दुसरा विसर्जक. या दोहोंच्या समतोलावर रक्तदाब उभा आहे. हृदय, बस्ती व शिर यांना चरकाचार्यांनी त्रिमर्म म्हणून एकत्र गणले आहे. प्राचीन ग्रंथकारांना ही संप्रेरके ज्ञात होती असा दावा आम्ही करीत नाही; तसा दावा करणे शास्त्रास शोभणारे नाही. परंतु हृदय व मूत्रवह यंत्रणा यांचा विचार एकत्र करावा, ही आपल्या शास्त्राची शिकवण या नव्या ज्ञानाशी विसंगत नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

उच्च रक्तदाबाशी संबंध

१९९५ साली एएनपीचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या उंदरांत हे संप्रेरक मुळीच तयार होत नव्हते, त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला. ज्यांत ते निम्मे तयार होत होते, त्यांचा दाब सामान्य आहारात ठीक राहिला, पण आहारातील मीठ वाढविताच चढला. २००९ साली मनुष्यांच्या मोठ्या समूहांच्या अभ्यासातून असे दिसले की, ज्यांना जन्मतःच ही संप्रेरके थोडी अधिक तयार करणारी जनुकीय ठेवण लाभली आहे, त्यांचा रक्तदाब सरासरीने थोडा कमी असतो. लवण बाहेर टाकण्याची शक्ती प्रत्येकात सारखी नसते, हा या दोन्ही अभ्यासांचा बोध होय. एकच लोणचे एकास पचते व दुसऱ्याचा दाब चढवते, याचे एक कारण येथे आहे.

मेदस्वी रुग्णांविषयी एक महत्त्वाची नोंद केली पाहिजे. स्थूल व्यक्तींच्या रक्तात ही संप्रेरके अपेक्षेपेक्षा कमी आढळतात. मेदधातूत ती नष्ट करणारे ग्राहक विपुल असतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे ज्यांना लवणविसर्जनाची गरज अधिक, त्यांच्यातच विसर्जक बळ कमी. मेदोरोग व उच्च रक्तदाब यांची जी जोडी आपण नित्य पाहतो, तिच्या संप्राप्तीचा हा एक दुवा आहे. अशा रुग्णांत लंघन, व्यायाम व मेदोहर उपक्रम यांना औषधाइतकेच महत्त्व दिले पाहिजे.

हृद्रोगातील विरोधाभास

हृदय अपुरे पडू लागले, म्हणजे ज्यास रुग्ण ‘हार्ट फेल्युअर’ म्हणून सांगतात ती अवस्था आली, की रक्तातील बीएनपी अनेक पटींनी वाढते. मग प्रश्न असा की, लवण बाहेर टाकणारे द्रव्य इतके वाढूनही रुग्णाच्या पायांवर शोथ का येतो? याची कारणे अनेक आहेत. वाढलेल्या बीएनपीपैकी बराचसा भाग अपक्व, कमी प्रभावी स्वरूपात असतो. वृक्काकडे जाणारे रक्त कमी पडल्याने वृक्क या निरोपास पुरेसा प्रतिसाद देत नाही. विरुद्ध बाजूची रेनिन-अल्डोस्टेरॉन साखळी त्याहून प्रबळ झालेली असते. शिवाय नेप्रिलायसिन नावाचे विकर ही संप्रेरके सतत मोडून टाकत असते. थोडक्यात, हृदय मदतीसाठी हाका मारत असते, पण त्या हाका पोहोचत नाहीत. रक्तात वाढलेले बीएनपी हे रोगाचे कारण नसून संकटाची खूण आहे, हे ध्यानात ठेवावे.

तपासणी कशी वाचावी

बीएनपीच्या जनक रेणूचे दोन तुकडे होतात : ३२ अमिनो आम्लांचे कार्यक्षम बीएनपी आणि ७६ अमिनो आम्लांचा निष्क्रिय एनटी-प्रोबीएनपी. दुसरा रक्तात अधिक काळ टिकतो, म्हणून प्रयोगशाळांत त्याची तपासणी सोयीची ठरते. दोहोंचे आकडे भिन्न असतात. एकाचा आकडा दुसऱ्याच्या मर्यादेशी ताडून पाहू नये.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या, तातडीच्या विभागात श्वासकष्ट घेऊन आलेल्या १५८६ रुग्णांच्या अभ्यासात बीएनपी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर ही मर्यादा धरली असता सुमारे ८३ टक्के रुग्णांत निदान बरोबर आले. तेव्हापासून या तपासणीस प्रतिष्ठा मिळाली. तीव्र श्वासकष्टात बीएनपी १०० पेक्षा किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० पेक्षा कमी असल्यास श्वासाचे कारण हृदय असण्याचा संभव फार कमी असतो. बाह्यरुग्ण विभागात हळूहळू वाढणाऱ्या तक्रारींसाठी या मर्यादा अनुक्रमे ३५ व १२५ धरल्या जातात. या तपासणीचे खरे सामर्थ्य रोग नाही असे सांगण्यात आहे. आकडा वाढला म्हणजे हृदयच दुर्बल, असे मात्र नव्हे. वार्धक्य, वृक्कविकार, हृदयगतीची अनियमितता, फुप्फुसातील रक्ताची गुठळी यांतही तो वाढतो. उलट स्थूल रुग्णांत हृदय दुर्बल असूनही आकडा फसवा, कमी येऊ शकतो.

तमकश्वास म्हणून दीर्घकाळ औषध घेणाऱ्या मध्यमवयीन वा वृद्ध रुग्णास आडवे झाल्यावर दम लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा वजन अल्पकाळात वाढत असेल, तर ही तपासणी व हृदयाचे सोनोग्राफीयुक्त परीक्षण करवून घेण्यास सुचवावे. श्वास प्राणवह स्रोतसाचा असला तरी प्राणवहाचे मूळही हृदयच सांगितले आहे, याचा विसर पडू नये.

या संप्रेरकांवर आधारलेले औषध

बाहेरून बीएनपी शिरेत देऊन पाहण्याचा प्रयत्न झाला. ते औषध २००१ साली अमेरिकेत संमत झाले. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात मृत्यू टळण्याच्या दृष्टीने त्याचा लाभ दिसला नाही. मग विचार पुढे गेला : बाहेरून द्रव्य देण्याऐवजी शरीरातील संप्रेरके मोडणाऱ्या नेप्रिलायसिनलाच का अडवू नये? सॅक्युबिट्रिल हे तसे द्रव्य आहे. ते वाल्सार्टनसह एका गोळीत देतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात एनालाप्रिलच्या तुलनेत हृद्रोगाने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होणे यांचे प्रमाण २० टक्क्यांनी घटले. २०२३ पासून भारतीय कंपन्यांच्या या मिश्रणाच्या अनेक गोळ्या बाजारात आल्याने हे औषध आता लहान गावांतील रुग्णांच्याही चिठ्ठीत दिसते.

याविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ही गोळी घेणाऱ्या रुग्णाचे बीएनपी औषधामुळेच वाढू शकते. त्यात रोगाचे मोजमाप एनटी-प्रोबीएनपीवरून करावे, कारण ते नेप्रिलायसिनने मोडत नाही. दुसरे, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातील गोळी व ही गोळी यांत किमान ३६ तासांचे अंतर लागते. अन्यथा ओठ, जीभ व कंठ यांवर प्राणघातक सूज येण्याचा धोका असतो. ज्यांच्या दुकानात दोन्ही शास्त्रांची औषधे असतात, त्या चालकांनी जुन्या चिठ्ठीवरील गोळी मागणाऱ्या रुग्णाची नवी चिठ्ठी अवश्य पाहावी.

आपल्या औषधयोजनेचा विचार

येथवरचे विवेचन आपल्या नित्य व्यवहाराशी कोठे जुळते, हे पाहणे अगत्याचे आहे.

लवण : चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतिरेकी उपयोग निषिद्ध सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविते. लोणची, पापड, ठेचा, फरसाण, खारवलेली मासळी यांचे मीठ रुग्ण हिशेबात धरत नाहीत. ते विचारून काढावे लागते. ‘बीपीला सैंधव चालते’ हा समज तर सर्वत्र आहे. सैंधव लवणांत श्रेष्ठ आहे खरे; परंतु रासायनिक दृष्ट्या तेही प्रायः सोडियम क्लोराइडच आहे. हृदयाच्या भिंतीस ताण देताना सोडियम आपले कुळ सांगत नाही.

लवणप्रधान कल्प : लवणभास्कर चूर्णाच्या पाठात चार लवणे मिळून एकूण वजनाचा ढोबळमानाने दोन पंचमांश भाग होतो. ३ ग्रॅम दोन वेळा घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात त्यातून दोन ग्रॅमहून अधिक मीठ जाते. म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा वाटा एका चूर्णातच संपतो. अग्निमांद्याच्या रुग्णास ते उत्तम आहे. शोथयुक्त हृद्रोग्यास नव्हे. सर्जिकाक्षारयुक्त कल्प व पाण्यात फसफसणारी आम्लपित्तावरील चूर्णे यांनाही हाच न्याय लावावा.

यष्टिमधु : हा मुद्दा विशेष गंभीर आहे. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन वृक्कातील एका विकरास रोखते, त्यामुळे शरीरातील कॉर्टिसॉल हे अल्डोस्टेरॉनसारखे वागू लागते. सोडियम साचते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. निरोगी व्यक्तींना ज्येष्ठमध दिले असता एएनपी वाढल्याचेही आढळले आहे. साचलेले लवण बाहेर काढण्याचा तो हृदयाचा प्रयत्न होय. निरोगी हृदय हा भार काही काळ सोसते, दुर्बल हृदय सोसत नाही. युरोपातील तज्ज्ञ समितीने ग्लिसिरायझिक आम्लाची दैनिक मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचविली आहे. मुळाच्या प्रतीनुसार ५ ग्रॅम चूर्णात ती सहज ओलांडली जाते. कास, अम्लपित्त, स्वरभेद यांसाठी यष्टिमधु दीर्घकाळ देताना रक्तदाब मोजत राहावे. उच्च रक्तदाब व हृद्रोग असणाऱ्यांत ते टाळावे, विशेषतः रुग्ण मूत्रल गोळ्या किंवा डिजॉक्सिन घेत असेल तर. पोटॅशियम घटलेल्या अवस्थेत हृदयगती बिघडण्याचा धोका खरा आहे.

मूत्रल द्रव्ये : पुनर्नवा व गोक्षुर ही आपली विश्वासाची द्रव्ये. त्यांत तसेच यवक्षारात पोटॅशियम बऱ्यापैकी असते. रुग्ण आधीच स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, वाल्सार्टन किंवा वर सांगितलेले मिश्रण घेत असेल, अथवा त्याचे वृक्क दुर्बल असतील, तर पोटॅशियम वाढून हृदय थांबण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अशा रुग्णात सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनीन यांची तपासणी केल्याशिवाय मूत्रल योग वाढवू नये. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकले जाणारे पोटॅशियमयुक्त मीठही त्यास सुचवू नये.

अर्जुन : १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या इंदूर येथील १२ गंभीर रुग्णांच्या अभ्यासात अर्जुनत्वचेच्या अर्काने लक्षणीय सुधारणा नोंदली गेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील अधिक मोठ्या अभ्यासात मात्र चालू उपचारांसोबत १२ आठवडे जलीय अर्क देऊनही डाव्या निलयाची आकुंचनशक्ती वाढल्याचे दिसले नाही. दोन्ही निष्कर्ष आपण सारख्याच मोकळेपणाने स्वीकारले पाहिजेत. अर्जुन हे सहायक म्हणून द्यावे. त्याच्या भरवशावर रुग्णाच्या चालू गोळ्या बंद करू नयेत. हृदयासाठी चालू असलेल्या गोळ्या एकाएकी थांबविल्यास रोग पुन्हा उसळतो, आणि दोष आपल्या औषधावर येतो.

औषधालयांस विनंती

औषधालयांच्या चालकांनी तीन गोष्टी कराव्यात. लवण, क्षार व यष्टिमधु हे घटक प्रमुख असलेल्या कल्पांची यादी करून ती काउंटरजवळ लावावी. असा कल्प चिठ्ठीविना मागणाऱ्यास रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार आहे काय, हे एका वाक्यात विचारावे. उत्पादकांनी आपल्या कल्पाच्या एका मात्रेत सोडियम किती, हे वेष्टनावर छापावे. ग्राहकाचा विश्वास त्याने वाढेल, कमी होणार नाही.

रुग्णास सांगण्यास सर्वांत सोपी व उपयुक्त गोष्ट म्हणजे रोज सकाळी मूत्रविसर्जनानंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहिणे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे हे मेदाचे नव्हे, साचलेल्या जलाचे लक्षण आहे. अशा वेळी काढ्याची मात्रा वाढवीत न बसता रुग्णास त्याच दिवशी हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

आपल्या शास्त्राने हृदयास ओजाचे स्थान मानले. आज तेच हृदय स्वतःच्या स्रावातून आपली व्यथा सांगते, हे कळले आहे. ती व्यथा वेळीच ओळखणे आणि आपल्या हातून लवणाचा एक कणही तीत न वाढविणे, एवढे तरी आपण सर्वांनी साधावे. वैद्यबंधुभगिनींनी अशा रुग्णांचे रक्तदाब, वजन व पोटॅशियम यांच्या नोंदींसह आपले अनुभव अवश्य लिहून पाठवावेत. पुढील अंकांत त्यांचा विचार करण्याचा आमचा मानस आहे.